कीप ऑन द बॉर्डरलँड्स: बेसिकमधून पाचव्या आवृत्तीत (कामाच्या नोंदी)

४ जानेवारी

मॉड्यूल (तयार साहस) बी२, ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’: सीमेवरचा किल्ला (कीप) आणि जवळच्या राक्षसांच्या गुहा. गॅरी गायगॅक्सचं. १९८०च्या आसपास डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवत, फासे टाकत खेळायच्या खेळाच्या ‘बेसिक’ या सुरुवातीच्या संचाच्या खोक्यातच हे मिळायचं. मला ते २०१४च्या पाचव्या आवृत्तीत आणायचं आहे. २०२४ची सुधारित पुस्तकं आली आहेत, पण टेबलावरच्या चौघांची पात्रं २०१४च्या नियमांवर तयार आहेत, तेव्हा तीच धरली.

गुडमन गेम्सनं २०१८मध्ये याचं पाचव्या आवृत्तीतलं तयार पुस्तक काढलेलं आहे. फक्त खेळायचंच असेल तर ते घ्या, वेळ वाचेल. मी हे स्वतः करतोय कारण प्रत्येक खोली तशी का ठेवली आहे, ते मला हाताखालून घालायचं आहे. पुढे अशी बरीच जुनी मॉड्यूल्स करायची आहेत.

कीपमध्ये फारसं काही बदलावं लागणार नाही. काम आहे ते गुहांमध्ये: कोबोल्ड, ऑर्क, गॉब्लिन, ऑगर, हॉबगॉब्लिन, बगबेअर, मिनोटॉर, नॉल आणि शेवटी देऊळ. मूळ मॉड्यूल पहिल्या लेव्हलच्या सहा ते नऊ पात्रांसाठी आहे. आमची चार.

७ जानेवारी

आकड्यांपासून सुरुवात केली. बेसिकमध्ये आर्मर क्लास (एसी, म्हणजे वार लागणं किती अवघड तो आकडा) उतरता असतो: जितका कमी तितका बचाव चांगला. ९ म्हणजे अंगावर काहीच नाही, २ म्हणजे प्लेट आणि ढाल. चढता एसी हवा असेल तर १९मधून वजा करायचा. (‘ॲडव्हान्स्ड’ या त्या काळच्या दुसऱ्या नियमसंचाचं मॉड्यूल असेल तर तिथे चिलखताविना एसी १० असतो, त्यामुळे २०मधून वजा. सूत्र उचलण्याआधी मॉड्यूल कुठल्या नियमांचं आहे ते मुखपृष्ठावर बघून घ्या.)

सूत्र लावून नव्या, म्हणजे २०१४च्या, मॉन्स्टर मॅन्युअलशी (प्राण्यांच्या पुस्तकाशी) ताडून पाहिलं. कोबोल्ड ७, म्हणजे १२. नव्या पुस्तकातही १२. ऑर्क ६, म्हणजे १३. नव्यातही १३. इथवर सरळ. गॉब्लिन १३ येतो, पुस्तकात १५. ऑगर १४ येतो, पुस्तकात ११. आणि हॉबगॉब्लिन १३ येतो, तर पुस्तकात थेट १८. वर ज्याच्यावर वार करायचा त्याच्या शेजारी साथीदार असला की त्याला टर्नमध्ये एकदा २डी६ (दोन सहापैलू फाशांची बेरीज) जादा इजा करता येते.

पहिल्या लेव्हलच्या पात्रांसमोर एसी १८ची पलटण उभी करणं मला अघोरी वाटलं. म्हणून सगळ्या साध्या हॉबगॉब्लिनांची साखळीची चिलखतं काढली आणि चामड्याची घातली. ढालीसकट एसी १४. नायक आणि पहारेकरी तेवढे १८वर ठेवले.

११ जानेवारी

परवाचं चामडं परत काढलं. कारण लिहून ठेवतो, कारण हे जुनं मॉड्यूल हातात घेणाऱ्या प्रत्येकासमोर येणार.

एसीची एसीशी तुलना करून हाती काही लागत नाही. वार करणाराही बदललेला आहे. बेसिकमधल्या पहिल्या लेव्हलच्या फायटरचा (लढवय्याचा) वार एसी ६वर वीसपैलू फाशावर १३ किंवा वर आले तरच लागतो, म्हणजे ४० टक्के. नव्या नियमांतला फायटर फाशात ५ मिळवतो, त्याचा वार एसी १८वर १३ किंवा वर आले तर लागतो. तेही ४० टक्केच.

म्हणून वेगळा हिशेब मांडला: एका फायटरला हा प्राणी पाडायला सरासरी किती वार करावे लागतात? जुना फायटर म्हणजे १डी८ची तलवार, ताकदीचा बोनस नाही. नवा म्हणजे तीच तलवार, पण +३.

ऑर्क: जुन्यात साधारण ४ वार, नव्यात ३.८. (नव्या ऑर्कला १५ एचपी, म्हणजे हिट पॉइंट्स, आहेत; ते संपले की तो पडतो, पण लागण्याची शक्यता ६५ टक्के आणि प्रत्येक वार जड.)
हॉबगॉब्लिन: जुन्यात ४.४, नव्यात ४.९.
ऑगर: जुन्यात साधारण १३, नव्यात ११. ५९ एचपी बघून छातीत धस्स होतं, पण एसी ११वर ७५ टक्के वार लागतात.

उलट बाजूनंही पाहिलं. जुना हॉबगॉब्लिन एका वारात साडेचार एचपीच्या फायटरला झोपवू शकायचा. नवा १डी८+१ आणि वर २डी६ मिळून सरासरी साडेबारा इजा करतो, आणि फायटरला बारा एचपी असतात. धोका तोच.

म्हणजे मी ज्या हॉबगॉब्लिनला नरम केलं होतं, तोच सगळ्यांत इमानदारीनं इथवर पोचलेला निघाला. यापुढे साधा प्राणी नावानिशी नव्या पुस्तकातून जसाच्या तसा उचलायचा. एसीचं सूत्र बंद. वारांचा हिशेब फक्त मोठ्या, एकट्या प्राण्यांसाठी.

१५ जानेवारी

कोबोल्डांची गुहा. तोंडाशीच झाडांत आठ कोबोल्ड दबा धरून असतात. पाचव्या आवृत्तीचा हिशेब: ८ गुणिले २५ एक्सपी (अनुभवाचे गुण) म्हणजे २००, आठ जण म्हणून गुणक २.५, झाले ५००. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी ‘डेडली’ची (जिवावर बेतणाऱ्या लढाईची) रेघ ४००वर. म्हणजे पहिलं पाऊल टाकताच रेघेच्या पलीकडे.

संख्या चारवर आणणार होतो, तेवढ्यात कोबोल्डाचा तक्ता नीट वाचला. त्याला पॅक टॅक्टिक्स आहे: लक्ष्याजवळ साथीदार असला की ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा). पण त्याला सूर्यप्रकाशही सोसत नाही: उन्हात डिसॲडव्हांटेज (दोनांतला लहान घ्यायचा). दोन्ही एकमेकांना खातात आणि साधा फासा उरतो. गुहेच्या बाहेर, दिवसा, हे आठ कोबोल्ड कागदावर दिसतात तितके घातक नाहीत. रात्री किंवा आत मात्र पुरेपूर घातक.

मला हे फार आवडलं. खेळाडूंनी कधी यायचं हा निर्णय आपोआप वजनदार होतो, आणि त्यासाठी मला एकही नवा नियम करावा लागला नाही. आठचे आठ ठेवले. झाडांची सावली ही ऊन मानायची, असं माझ्या प्रतीत समासात लिहून ठेवलं, नाहीतर ऐन वेळी वाद होतो.

१८ जानेवारी

पहिली चाचणी. चौघे दुपारी आले. कोबोल्डांची झडप झाली, विझर्डनं (जादूगारानं) झोपवणारा ‘स्लीप’ मंत्र टाकला. ५डी८चे २३ आले, पाच-पाच एचपीचे चार कोबोल्ड आडवे. उरलेल्या चौघांशी दोन राउंड. ‘रोग’ (चोर पात्र) शून्य एचपीवर गेला, क्लेरिकनं (पुजारी पात्रानं) उठवला. ही लढाई हवी तशी झाली.

खड्डा मात्र फसला. आत शिरल्यावर झाकण असलेला दहा फुटी खड्डा आहे. मूळ नियम: पुढच्या रांगेतला प्रत्येक जण सहात तीन शक्यतेनं पडतो, काठीनं चाचपत गेला तर नाही. मी तो दिसण्यासाठी परसेप्शनचा (चाहूल लागण्याचा) डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ केला होता. आमच्या एल्फ रेंजरचा पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरायचा आकडा) १५. त्याला खड्डा दिसणार हे मला घरी बसूनच माहीत होतं. फासा नाही, काठी नाही, कुणाला प्रश्न पडला नाही. ‘पुढे खड्डा दिसतो’ असं म्हणून मी पुढे गेलो. ती खोली खेळली गेलीच नाही.

दोन दुरुस्त्या.

एक, आधीपासूनच नियमात असलेली: डार्कव्हिजनमध्ये (एल्फसारख्यांच्या अंधारात बघणाऱ्या नजरेत) पूर्ण अंधार हा मंद उजेडासारखा दिसतो, आणि मंद उजेडात नजरेच्या परसेप्शनला डिसॲडव्हांटेज असतो. पॅसिव्हमधून ५ वजा. मशालीविना चालणाऱ्या एल्फचा १५चा १० होतो. हे सगळे विसरतात, मीही टेबलावर लावलं नव्हतं. हे लावलं की मशाल पुन्हा कामाची होते: उजेड केला तर दिसतं, पण तुम्हीही दिसता.

दोन: पॅसिव्हनं खड्डा सापडत नाही, फक्त खूण सापडते. ‘इथली धूळ मधोमध तुडवलेली नाही, पावलं भिंतीकडेनं गेली आहेत.’ पुढे काय करायचं ते खेळाडूंनी ठरवायचं. काठीनं चाचपलं तर फासाच नको, सापडतो. तसंच चालत गेले तर डेक्स सेव्ह (चपळाईनं वाचण्याचा फासा) डीसी ११. बोनस नसलेल्या पात्राला बरोब्बर निम्मी शक्यता, म्हणजे मूळचं सहात तीन.

२० जानेवारी

चाचणीतली मोठी अडचण लढाईत नव्हतीच. कोबोल्डांना हरवल्यावर चौघे पंधरा मिनिटं चालून गेले, जंगलात आठ तास झोपले आणि सगळे एचपी, सगळे स्पेल घेऊन परत आले. मग पुढची गुहा. मग परत झोप. बेसिकमध्ये पूर्ण दिवस विश्रांती घेतली तर १ ते ३ एचपी यायचे. तिथे जखमी पार्टीला कीपमध्ये परतावंच लागायचं, आणि तेवढ्यात गुहांमध्ये काहीतरी बदलायचं. हे मॉड्यूल त्या ये-जावर उभं आहे. गायगॅक्सनं डीएमसाठी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) स्पष्ट लिहिलंय की अक्कल असलेले प्राणी अनुभवातून शिकतात, टोळ्या आपसांत युती करतात. खेळाडू आठ तास झोपून ताजेतवाने परत येणार असतील तर ते सगळं शिकणं कागदावरच राहतं.

डंजन मास्टर्स गाइडमधला ‘ग्रिटी रिअलिझम’ लावून पाहिला: शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची, लाँग रेस्ट (सगळं परत देणारी मोठी विश्रांती) सात दिवसांची. कागदावर उत्तम. पण पहिल्या लेव्हलच्या विझर्डला दोनच स्पेल स्लॉट. पहिल्या लढाईनंतर तो सेशनभर स्लॉट न लागणारा ‘फायर बोल्ट’ टाकत बसणार, हे त्यानं चाचणीआधीच सांगितलं आणि त्याचं बरोबर होतं. सोडून दिला.

ठरवलेलं:

लाँग रेस्ट फक्त कीपच्या तटबंदीच्या आत. बाहेर रात्र काढली तर शॉर्ट रेस्टचा फायदा, बस्स.

गुहेत शॉर्ट रेस्ट चालेल, पण ती एक तास म्हणजे सहा टर्न (बेसिकमधला दहा मिनिटांचा टर्न, लढाईतला नव्हे). बेसिकप्रमाणे दर दोन टर्नला एक डी६, १ आला की भटके मॉन्स्टर येतात. एका विश्रांतीत तीन फासे, म्हणजे निदान एकदा कुणीतरी येण्याची शक्यता ४२ टक्के. खेळाडूंना हा आकडा मी उघड सांगतो. लपवला तर तो त्यांच्या निर्णयात येत नाही, आणि निर्णयासाठीच तर तो आहे.

कीपमध्ये गेलेल्या प्रत्येक रात्रीसाठी हल्ला झालेली टोळी एक गोष्ट सुधारते: पहारा वाढतो, दार आडवलं जातं, शेजाऱ्यांकडे मदत मागितली जाते, किंवा चीजवस्तू घेऊन पळ काढला जातो.

हे ठरवण्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला, राक्षसांच्या तक्त्यांना लागला त्याच्या कितीतरी पट.

२४ जानेवारी

एक्सपी. इथे मॉड्यूलचा जीवच बदलतो, म्हणून सावकाश.

बेसिकमध्ये कीपवर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला १ एक्सपी. ऑर्क मारल्याचे १०. फायटरला दुसऱ्या लेव्हलला २००० लागतात. नुसते ऑर्क मारून एका फायटरला लेव्हल मिळवायची तर दोनशे ऑर्क. त्यामुळे शहाणी पार्टी लढाई टाळायची आणि पेटी पळवायची. पाचव्या आवृत्तीत ऑर्कचे १००, आणि दुसरी लेव्हल ३००वर. तीन ऑर्क म्हणजे एका पात्राची लेव्हल. सोन्याचे शून्य.

बाकी काही न बदलता एवढंच तसंच ठेवलं, तर कालपर्यंत चोरी आणि सौदेबाजीचं असलेलं मॉड्यूल उद्यापासून साफसफाईचं होतं. खोली दिसली की मारा. खेळाडूंचा दोष नाही, नियम तेच सांगतायत.

माइलस्टोन लेव्हलचा (कथेतला टप्पा गाठला की लेव्हल) विचार केला. सोपा आहे, पण मग खजिन्याला काही अर्थच राहत नाही. म्हणून: मारण्याचे शून्य एक्सपी. मूळ मॉड्यूलमधल्या दर ५ नाण्यांमागे १ एक्सपी, पार्टीत वाटून. चौघांना दुसऱ्या लेव्हलला एकूण १२०० लागतात, म्हणजे ६००० नाणी. नुसत्या प्रमाणानं (२०००ला ३००) सातास एक आलं असतं. लुटायला हात कमी आहेत म्हणून पाच धरलं.

दुसरी अडचण लगेच आली. बेसिकमध्ये प्लेटचं चिलखत ६० सोन्याचं, नव्यात १५००. उलट बाजूनं ६००० सोन्याची नाणी नव्या पैशात म्हणजे चौघांनाही प्लेट, पहिल्याच महिन्यात. तोडगा: मॉड्यूलमधलं सगळं सोनं चांदी समजायचं. एक्सपीसाठी मूळ आकडा मोजायचा, खिशात मात्र दहावा भाग. ६०० सोन्यात हीलिंग पोशन (५०ला एक) येतात, भाड्याचे सोबती येतात, प्लेट येत नाही. रत्नं आणि दागिन्यांनाही हाच नियम. कामाला लागण्याआधी संपूर्ण मॉड्यूलवर एकदाच पेन फिरवा आणि ‘सो’चं ‘चां’ करा. मी सेशनमध्ये तोंडी करत होतो, दोन ठिकाणी चुकीचा आकडा वाचला गेला.

२७ जानेवारी

दुसरी चाचणी, गॉब्लिन आणि शेजारचा ऑगर. गॉब्लिन अडचणीत आले की चोरदारातून २५० नाण्यांची थैली ऑगरकडे फेकतात आणि तो त्यांच्या बाजूनं लढायला येतो. एन्काउंटरचा हिशेब केला तर सहा गॉब्लिन आणि ऑगर मिळून गुणकासकट १८७५ येतात, ‘डेडली’च्या चौपटीहून जास्त. मी काहीच कमी केलं नाही. त्याऐवजी आधीपासून खुणा पेरल्या: गुहेत घाणेरडा, जड वास, गॉब्लिनांच्या पायांपेक्षा तिप्पट मोठं पाऊल, आणि पहारेकरी ज्या भिंतीकडे सारखे बघतात ती भिंत.

थैली फेकली गेली. ऑगर दारात आला. रोगनं आपली थैली काढली, हातावर वजन करून दाखवली आणि विचारलं, ‘त्यांनी किती दिले?’ ऑगरनं खरं सांगितलं, कारण खोटं का सांगायचं हे त्याला सुचलंच नाही. पार्टीकडे तीनशे होते. ते त्याला देऊन चौघे गॉब्लिनांच्या गुहेतून जिवंत बाहेर पडले, आणि ऑगर आता त्यांच्या ओळखीचा आहे. मारण्याला एक्सपी असते तर ही गोष्ट घडली नसती, याबद्दल मला शंका नाही.

मोराल, म्हणजे प्राण्याची हिंमत. बेसिकमध्ये २डी६ टाकायचे, प्राण्याच्या मोरालपेक्षा जास्त आले तर तो पळतो किंवा शरण येतो. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये पर्यायी नियम आहे: विस्डम सेव्ह डीसी १०, चुकला तर पळ. दोन्ही ताडून पाहिले. कोबोल्ड (मोराल ६) जुन्यात ५८ टक्के पळतो, नव्यात ५५. ठीक. ऑर्क (मोराल ८) जुन्यात २८ टक्के, नव्यात ४५. म्हणजे नव्या नियमात ऑर्क निम्म्या वेळा पळणार, आणि ऑर्कांची भीती संपणार. रूपांतर केलं नाही. जुना २डी६ आणि जुना मोरालचा आकडाच प्रत्येक नव्या तक्त्याच्या कडेला लिहिला. पहिला साथीदार पडला की एकदा, निम्मे पडले की दुसऱ्यांदा. पाचव्या आवृत्तीचं काही बिघडत नाही, उलट प्रत्येक लढाई आटोपशीर होते.

३ फेब्रुवारी

देवळातले दोन प्राणी.

वाइट (चालतं-फिरतं प्रेत). बेसिकमध्ये त्याचा प्रत्येक स्पर्श एक लेव्हल खातो, सेव्ह नाही. पहिल्या लेव्हलचं पात्र तिथेच संपतं. नव्यात कॉन सेव्ह (काटकपणाचा) डीसी १३, चुकला तर झालेल्या इजेएवढे कमाल एचपी घटतात, आणि एका लाँग रेस्टनं सगळे परत. यात मूळची दहशत उरत नाही. लेव्हल खाणं परत आणावंसं मात्र वाटलं नाही. पाचव्या आवृत्तीत पात्राच्या लेव्हलवर इतकं काही टांगलेलं असतं की ती काढताना टेबलावरचं काम अर्धा तास थांबतं. मी एवढंच बदललं: वाइटनं खाल्लेले एचपी लाँग रेस्टनं येत नाहीत. कीपमधल्या चॅपलमध्ये सात रात्री काढल्या तर येतात. आणि त्या सात रात्री गुहांमध्ये मोजल्या जातात.

मेडुसा. साखळदंडात अडकवलेली कैदी. इथे नावानिशी उचलण्याचा नियम मोडला. बेसिकची मेडुसा चार हिट डाइसची, सरासरी १८ एचपी. नवीला १२७. वारांचा हिशेब: जुनीला साधारण ९, नवीला ३०च्या वर. ती चौघांच्या हातची नाहीच. ४० एचपीवर आणली, म्हणजे साधारण १० वार. केसांतल्या सापांचं विष ४डी६चं २डी६ केलं. धनुष्य-तलवार तिच्याकडे तशीही नाही.

तिच्या नजरेचा डीसी १४ मात्र तसाच ठेवला. जुन्या फायटरला दगड होण्यापासून वाचायला १४ हवे होते, ३५ टक्के. नव्याला +४ घेऊन १० हवे, ५५ टक्के. सेव्ह पाचानं चुकला तरच लगेच दगड, नाहीतर पुढच्या टर्नला आणखी एक संधी. नवा नियम जुन्यापेक्षा दयाळू आहे, आणखी दया नको.

८ फेब्रुवारी

ज्यांना माझे तक्ते हवेत त्यांच्यासाठी. मूळ मॉड्यूलचा मजकूर आणि नकाशा कुणाला देता येत नाही, तो विकत घ्यावा लागेल. मी वाटतोय ते फक्त खोलीचा क्रमांक, नवे आकडे आणि माझ्या सूचना. प्राण्यांच्या तक्त्यांची अडचण नाही: कोबोल्डापासून मेडुसापर्यंत इथले नेहमीचे सगळे एसआरडी ५.१ या नियमांच्या खुल्या संदर्भ-दस्तऐवजात आहेत, आणि तो जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुला आहे. श्रेयाची ओळ मात्र लावायला विसरू नका.

२०२४च्या पुस्तकांवर हेच करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: तिथे संख्येचा गुणक काढून टाकला आहे. १५ जानेवारीचा कोबोल्डांचा हिशेब तिथे वेगळा येईल. खुणा, विश्रांती, चांदी आणि मोराल यांच्या नोंदी तशाच चालतील.

१२ फेब्रुवारी

बाकी आहे: बगबेअर, नॉल आणि मिनोटॉरचा चक्रव्यूह. चक्रव्यूहात मूळ खोलीची गंमत दिशा हरवण्यात आहे, आणि आमच्या टेबलावर नकाशा काढायची कुणालाच सवय नाही. पुढच्या चाचणीत कोरा चौकटीचा कागद चौघांपैकी एकाच्या हातात देणार आणि मी फक्त फूट आणि दिशा सांगणार. मिनोटॉरचे ७६ एचपी वारांच्या हिशेबात अजून बसवलेले नाहीत.